वाइप्सचा वास

मंगळवार, दिवेलागणीनंतर. जानेफळ, माहेरी.

बाळीच्या मांडीवर लाल चट्टा उठलाय. काल बारशाला नणंदेनं बेबी वाइप्स आणले, तेव्हापासून मी तिला त्यांनीच पुसतेय. आत काय काय घातलंय ते पाकिटावर वाचायला गेले, तर नेमकं त्यावरच दुकानाचं किमतीचं स्टिकर. नखानं खरवडलं, तर खालची अक्षरंही निघाली. 'फ्रॅग्रन्स' एवढंच उरलं. कशाचा?

आई म्हणाली, "काऊन भेऊन राह्यली वं? पाण्यानं धू, सकाळी डॉक्टरले दाखवू."

मांडी दोनदा धुतली. वास जातच नाही. दिवसभर मीच कौतुकानं हुंगत होते!

मग मुठी आठवल्या. त्याही पुसल्या होत्या. पाळण्याशी धावले. उजवी हुंगली, वास तसाच. डावी तिच्या तोंडात होती. ओढून काढली, हुंगली.

त्या मुठीला वासच नाही.