नाण्यावर चढवलेली फेरीबोट पुन्हा पाण्यात सोडणेबाबत

प्रति,
मा. मुख्य अधिकारी,
रंगीत स्मरणनाणी विभाग, टांकसाळ

विषय : ‘आपला प्रदेश’ मालिकेतील फेरीबोटीचे नाणे रद्द करणेबाबत.
संदर्भ : आपल्या अधिकाऱ्यांनी माझ्या घरी चहा घेताना दिलेला शब्द.

महोदय,

अर्जदार हा नदीवरील फेरीबोटीचा चालक असून आपल्या रंगीत नाण्यांचा पहिल्यापासूनचा संग्राहक आहे. हिरव्या डोंगराचे, पांढऱ्याशुभ्र मिठागराचे, निळ्या छोट्या रेल्वेचे, अशी सर्व नाणी काचेच्या पेटीत मखमलीवर ठेवली असून त्यांना पत्नीलाही हात लावू दिलेला नाही. आमच्या भागाचे नाणे निघावे व त्यावर आमची लाल बोट असावी, यासाठी अर्जदारानेच आपल्या कार्यालयाचे उंबरे झिजवले, हे नमूद करताना आज लाज वाटते.

आपले अधिकारी आले. “काका, तुमची बोट अमर करतो,” असे म्हणाले. अर्जदाराने बोट धुऊन, रंगवून त्यांच्यासाठी भर नदीत उभी केली. नाण्यावर लाल रंग हुबेहूब उतरला. अर्जदार ते खिशात घालून गावभर मिरवला.

पाठोपाठ जलवाहतूक कार्यालयाचे पत्र आले. फेरीबोटीचे जतन नाण्याद्वारे झालेले असल्याने तिची सेवा बंद करण्यात येत आहे, असा त्यातील मजकूर आहे. तेव्हा अर्जदाराने पेटी पुन्हा नीट पाहिली. मिठागर बंद आहे. छोटी रेल्वे बंद आहे. डोंगर खाणीने अर्धा खाल्ला आहे. पत्नीच्या हे केव्हाच ध्यानात आले होते. “तुमच्या पेटीत गेलं ते गेलंच,” असे ती म्हणे, आणि अर्जदार तिला वेड्यात काढत असे. महोदय, आपण केसाने गळा कापलात.

सबब विनंती की, सदर नाणे रद्द करून बोट पुन्हा सुरू करण्याची शिफारस करावी. अर्जदाराची मुलगी पलीकडच्या काठावर राहते. तिचे दिवस भरत आले आहेत आणि दवाखाना अलीकडे आहे.

ते जमत नसल्यास निदान एवढे तरी करावे. आपले छायाचित्रकार काल त्याच दवाखान्यासमोर कॅमेरा लावून उभे होते. दवाखाना अगदीच साधा आहे. भिंतींचे पोपडे निघाले आहेत, दारावरचा दिवाही लागत नाही. नाण्यावर घेण्यासारखे त्यात काहीही नाही. कृपया त्यांना परत बोलवावे.

आपल्या शब्दावर विसंबलेला,
लाल बोटीचा चालक

दिनांक : पोस्टाच्या शिक्क्याप्रमाणे
सोबत : संपूर्ण संग्रह, पेटीसह. परत पाठवू नये.