एकटी जाणारी घोडी

रविवार, संध्याकाळ. कासार आंबोली.

मालकांनी आज चांदणीला विकलं. बाकीचे घोडे नजरेआड झाले की खिंकाळून तबेला डोक्यावर घ्यायची ही घोडी. रोज थोडं पुढं न्यायचं, घाबरायच्या आत माघारी आणायचं, असं करत मीच तिला धीट केलं. बांधापर्यंत, मग ओढ्यापर्यंत, मग पार पौड रस्त्यापर्यंत. कशासाठी? मालक वर कौतुकानं म्हणतात, "तुज्यामुळंच गिऱ्हाईक मिळालं. एकटी जाणारी घोडी हाय म्हणून तर घेतली त्यांनी."

टेंपोत चढवायलाही मीच. मागं बाकीचे घोडे खिंकाळत होते. ती नाही खिंकाळली. निवांत गवत चघळत उभी. तिला वाटलं असणार, नेहमीसारखं माघारी आणतील.

मी दर वेळी आणायचे ना.