अ‍ॅडव्हान्स भाऊबीज

६ ऑक्टोबर, सोमवार. सकाळी ७.१०

कालचा कार्यक्रम जबरदस्त. कळंबोलीच्या एका सोसायटीची कोजागरी. खरी कोजागरी आज आहे, पण आज सगळ्यांची ऑफिसं, म्हणून काल रविवारीच उरकली. चंद्र थोडा कमी होता, दूधही बेताचंच. माझा आवाज मात्र छान लागला होता. आठशे माणसं. नझीर म्हणतो तीनशे. चौदा वर्षं माझ्यामागे कीबोर्ड वाजवतोय, पण गर्दीचा अंदाज त्याला कधी आला नाही.

शेवटच्या गाण्याला एक मुलगी सेल्फी काढायला स्टेजवर आली. चाहती. आपुलकीने आशीर्वाद दिला. पब्लिक वेडं झालं.

संकल्प: रोज पहाटे पाचला रियाज. तळलेलं बंद. पाडव्याच्या दिवाळी पहाटेसाठी ऋचाबरोबरचं युगलगीत तयार करणे. दिवाळी पहाटेला गायचं माझं हे बारावं वर्ष, आणि लेकीबरोबर पहिलंच. एकोणीस वर्षं या एका सकाळची वाट बघतोय. पाळण्यात ती रडायचीसुद्धा सुरात.

आज रियाज नाही, कारण काल कार्यक्रम होता.

६ ऑक्टोबर. संध्याकाळी ६.३०

कुणीतरी आशीर्वादाचा व्हिडिओ काढलाय. एकोणीस सेकंदांचा. पनवेलच्या सगळ्या ग्रुपवर फिरतोय. घरबसल्या पब्लिसिटी. रुचिराला दाखवला. बायको म्हणून तिला आनंद व्हायला हवा होता. तिने दोनदा बघितला, म्हणाली की आशीर्वाद गालावर देतात हे तिला माहीत नव्हतं, आणि कुकर लावायला निघून गेली.

थोडी जळते.

७ ऑक्टोबर, मंगळवार

चाळीस हजार व्ह्यूज. कॉमेंट्स वाचल्या. वाचायला नको होत्या. 'काका' हा शब्द एकशे बारा वेळा. मी सत्तेचाळीसचा आहे.

इथे स्वतःपुरतं स्पष्ट लिहून ठेवतो. गाण्याचा भाव शृंगाराचा होता. भावाला न्याय देणं हे गायकाचं काम. मी तिचा हात धरला, एक गिरकी दिली आणि खांद्यावर हात ठेवला. बाकीचं ओघात झालं. लोकांना गाणं कळत नाही, त्याला मी काय करणार?

ऑफिसच्या कँटीनमध्ये माझ्या टेबलावर कुणी बसलं नाही. शांतपणे जेवलो. बरं वाटलं. भजी घेतली, मन अस्वस्थ असताना पथ्य सुरू करू नये.

८ ऑक्टोबर, बुधवार

काशिरामशेठचा फोन. दिवाळी पहाट समितीचे अध्यक्ष, देवमाणूस. म्हणाले, सर, आमी तुमाला मानतो, पन समितीतल्या बायका इचारतात, त्यांना काय सांगू? आठ-दहा दिसांत कायतरी करा, नायतर मंग कठीन हाय.

म्हणजे ते माझ्या बाजूने आहेत.

९ ऑक्टोबर, गुरुवार. रात्री ८

ऋचा तीन दिवस रियाजाला बसली नव्हती. कॉलेजचं सबमिशन असेल असं धरून चाललो होतो. आज जेवताना तिने मोबाईल माझ्यासमोर ठेवला आणि एकच गोष्ट विचारली. त्या मुलीने 'नको' म्हटलं, ते तुला ऐकू आलं होतं का, बाबा?

मी तिला स्टेज मॉनिटरबद्दल सांगितलं, म्हणजे गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांना स्टेजवरचा आवाज ऐकवणारा स्पीकर. मॉनिटर कुठे ठेवतात, ड्रमचा आवाज गायकाच्या कानावर कसा आदळतो, सोसायटीच्या कार्यक्रमात साउंडवाला कसा असतो. वीस मिनिटं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि पुन्हा तेच विचारलं. म्हणाली, व्हिडिओत ते 'नको' स्पीकरमधून येतंय, म्हणजे तुझ्या माईकमधून गेलंय. माईक तुझ्या हातात होता.

उत्तर मिळालं की पाडव्याला माझ्याबरोबर गाईन, असं म्हणाली आणि ताट घेऊन उठली.

हल्लीच्या मुलांना टेक्निकल गोष्टी समजूनच घ्यायच्या नसतात.

११ ऑक्टोबर, शनिवार

माफीचा व्हिडिओ करायचं ठरवलं. माफी म्हणजे तशी माफी नव्हे, निवेदन. मजकूर काल ऑफिसात लिहिला: माझ्या कलेच्या ओघात जर कुणाच्या भावना नकळत दुखावल्या गेल्या असतील, तर मी मनापासून दिलगीर आहे. भारदस्त वाक्य. ऋचाला वाचून दाखवलं.

ती म्हणाली, 'जर' काढ. काढलं. 'कुणाच्या' काढ, तिला नाव आहे, अंकिता. मग 'नकळत' काढ. मग 'कलेच्या ओघात' काढ. माझं वाक्य असं सोलून ठेवल्यावर ती क्लासला निघून गेली. उरलेलं फार उघडं वाटत होतं, म्हणून मूळचंच घेतलं.

निळा कुर्ता. तेरा टेक. पहिल्या चार टेकमध्ये सुरुवातीला आपोआप आलाप निघाला. आवाज नीट यावा म्हणून ऑर्केस्ट्राचा माईक आणि मिक्सर वापरला. अपलोड केलं. आता शांतता.

१२ ऑक्टोबर, रविवार

मिक्सरवर इको चालू राहिला होता. कार्यक्रमाचं सेटिंग. निवेदनाच्या शेवटी मी दिलगीर आहे, आहे, आहे, आहे असं घुमतंय. कुणा डीजेने त्याखाली ढोल टाकलाय. दोन लाख व्ह्यूज. उरण नाक्यावर रिक्षात बसलो तर रिक्षावाल्याने तेच लावलेलं. आरशात माझ्याकडे बघून त्याने आवाज कमी केला. हेच जास्त लागलं.

ठेका चांगला आहे, हे मान्य करायला हवं.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

नझीरच्या घरी गेलो. म्हटलं तू साक्षीदार आहेस, ऋचाला सांग की स्टेजवर काही ऐकू येत नव्हतं. तो म्हणाला, इंद्रा, झूट नाय बोलणार, माझ्या मॉनिटरमध्ये साफ आलं होतं. तरी मी वाजवत राहिलो. झुबेदाने व्हिडिओ बघितला आणि मला विचारलं, तू काय करत होतास? बायकोला काय जवाब देऊ, तू सांग.

त्याचा मॉनिटर वेगळा आहे.

परत येताना दिवाळीचे आकाशकंदील बघून एकदम कल्पना सुचली. भाऊबीज. अंकिताने मला ओवाळायचं, मी तिला ओवाळणीत साडी घालायची, दोन मिनिटांचा व्हिडिओ. पुढारी लोक काहीही झालं की राखी बांधून घेतात आणि प्रकरण मिटतं. अडचण एकच: भाऊबीज तेवीसला आणि दिवाळी पहाट बावीसला. पण कोजागरी आदल्या दिवशी होऊ शकते, तर भाऊबीज पाच दिवस आधी घ्यायला काय हरकत आहे? अ‍ॅडव्हान्स.

रुचिराला सांगितलं. तिने हातातला झारा खाली ठेवला आणि माझ्याकडे बघत राहिली. कल्पना नवीन आहे, पचायला वेळ लागतो.

१८ ऑक्टोबर, शनिवार. संध्याकाळी ७

रोडपालीला अंकिताच्या घरी जाऊन आलो. पत्ता कोजागरीच्या आयोजकांकडून मिळवला. नझीरने गाडीतून सोडलं, पण वर यायला तयार झाला नाही. गाडीतच डोकं स्टिअरिंगवर टेकून बसला. तिसरा मजला, लिफ्ट बंद. माझ्याकडे साडी, पेढे, मोबाईलचा ट्रायपॉड आणि ओवाळणीचं ताट. निरांजन, सुपारी, कुंकू, अक्षता, सगळं घरून नेलं होतं. त्यांना कशाचाच त्रास व्हायला नको.

दार अंकिताच्या आईने उघडलं. शोभाताई. मला बघून त्यांच्या तोंडून सवयीने सर, या ना असं निघालं, आणि मग त्या दारातच उभ्या राहिल्या. पाणी दिलं. चहा विचारला नाही.

मी योजना सांगितली. ट्रायपॉडचा एक पाय उघडलाही होता. आतून अंकिता आली. ती चिडेल अशी तयारी करून गेलो होतो. ती चिडली नाही. म्हणाली, मला भाऊ आहे, प्रितेश, आत आहे, बोलावू का? प्रितेश जिमला जातो हे पडद्यामागूनच कळत होतं. मी म्हटलं, असू दे.

मग ती म्हणाली, ऑफिसात सगळे मलाच विचारतात, वर गेलीसच कशाला? तुम्ही तेरा दिवसांत दोन व्हिडिओंत आलात सर, पण माझं काय चाललंय हे एकदाही विचारलं नाहीत. मी दोनदा नको म्हणाले होते.

शोभाताई म्हणाल्या, मीच पाठवली होती तिला. बारा वर्षं तुमचा एक कार्यक्रम चुकवला नाही. गुडघ्यांमुळे मला पायऱ्या चढवत नाहीत, म्हणून तिला म्हटलं, तू जा, माझ्यासाठी फोटो काढून आण.

साडी त्यांनी माझ्या हातात परत दिली. मी वळलो तर म्हणाल्या, जिना सांभाळून उतरा, दिवा नाही. मला एकदम रडू येईल असं वाटलं. धनत्रयोदशीची दगदग असणार.

१९ ऑक्टोबर, रविवार

समोरच्या फ्लॅटमधून कुणीतरी शूटिंग केलंय. ताट, साडी आणि ट्रायपॉड घेऊन मी अंधाऱ्या जिन्यातून उतरतोय. निरांजन ताटातून घरंगळतं आणि मी ते शोधायला वाकतो. तिसरा व्हिडिओ. याला संगीत लावायची कुणाला गरज वाटली नाही.

काशिरामशेठ स्वतः घरी आले. चपला दाराबाहेर काढल्या, पण बसले नाहीत. म्हणाले, सर, आता माज्या हातात काय नाय. पोरीचा आवाज चांगला हाय, ती एकटी गाईल तर आमची ना नाय. मी म्हटलं, ती माझ्याशिवाय गाणार नाही. ऋचा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. म्हणाली, गाईन.

२० ऑक्टोबर, सोमवार. नरकचतुर्दशी

अभ्यंगस्नान. उटणं स्वतःच लावलं.

आज संपूर्ण दिवस योजना. एक: दिवाळी पहाटेवर बहिष्कार. दोन: त्याच वेळी आमच्या गच्चीवर माझी स्वतंत्र पहाट. नझीरला फोन केला. तो तिकडे ऋचाच्या साथीला आहे. तबलजीला केला. तोही तिकडेच. गच्चीची किल्ली सेक्रेटरीकडे, तो गावाला गेलाय.

बंद दाराआडून ऋचाचा रियाज ऐकला. युगलगीतातले माझे शब्द आता तीच गाते. अंतऱ्यात एक जागा मी तिला आठवीत शिकवली होती, ती माझ्यापेक्षा सरळ आणि चांगली घेते. दारावर टकटक करून सांगावंसं वाटलं. केलं नाही.

'नको'चं तिने आज विचारलं नाही. कालही नाही. दहा दिवस रोज विचारत होती तेव्हा वैताग यायचा. आता ती काही विचारत नाही आणि मला घरात कुठे बसावं ते कळत नाही.

२१ ऑक्टोबर, मंगळवार. लक्ष्मीपूजन

समितीकडून दोन पास आले. 'कलाकारांचे नातेवाईक'. मी जाणार नाही. ठाम.

२२ ऑक्टोबर, बुधवार. पाडवा. दुपारी १२.३०

गेलो. शेवटून दुसरी रांग. रुचिरा पुढे बसली, मला म्हणाली तू हवं तिथे बस.

बारा वर्षांत ही पहाट खालून कधी बघितली नव्हती. खालून थंडी वाजते. ऋचाने अबोली साडी नेसली होती, रुचिराची. गायला लागली आणि पहिल्या दोन ओळींत मी माझं सगळं विसरलो. खरंच विसरलो. बाजूचे गृहस्थ म्हणाले, काय गोड आवाज आहे, कुणाची मुलगी? मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी माझ्याकडे बघितलं असतं.

मग सत्कार. कुणी प्रमुख पाहुणे होते, माझ्याच वयाचे. शाल घातली, नारळ दिला आणि फोटोसाठी तिला कवेत घेऊन जवळ ओढलं. हात खांद्यावरून कमरेवर आला. ऋचाचा माईक केव्हाच खाली ठेवलेला. टाळ्या चालू, निवेदक बोलतोय, मागे मुलं फटाके लावतायत. आणि शेवटून दुसऱ्या रांगेत मला तिचं 'नको' ऐकू आलं. स्पष्ट.

पाहुणे हसत राहिले. नझीर कीबोर्ड सोडून उठला आणि दोघांच्या मध्ये जाऊन उभा राहिला, फोटोत यायची फार हौस असल्यासारखा. पाहुण्यांचा हात निघाला.

मीही उठलो होतो. मागच्या बाई म्हणाल्या, अहो, खाली बसा, स्टेज दिसत नाहीये. बसलो.

२२ ऑक्टोबर. संध्याकाळी ५

ऋचाला सांगितलं. ऐकू आलं होतं. अंकिता पहिल्यांदा गिरकी देताना म्हणाली तेव्हा, आणि दुसऱ्यांदा हात सोडवत म्हणाली तेव्हाही. दोन्ही वेळा. मला वाटलं, लोक टाळ्या वाजवतायत म्हणजे ठीक आहे.

ती केसांतला गजरा काढत होती. थांबली. रडेल किंवा ओरडेल असं वाटलं होतं. तिने गजरा टेबलावर ठेवला आणि म्हणाली, हे मला नको सांगूस, तिला सांग. मग म्हणाली, आणि तिच्या घरी परत जाऊ नकोस.

मी विचारलं, मग कसं सांगू?

तिने टेबलावरचा गजरा उचलला आणि परत ठेवला. तिलाही माहीत नव्हतं.