पडद्यावरचा प्रलय

विलेपार्ले (पूर्व),
मंगळवार, सकाळ

प्रिय अल्फान्सो,

पाकिटावरचं अक्षर ओळखलंस तर तू हे न उघडताच रद्दीत टाकशील याची मला खात्री होती, म्हणून पत्ता शेजारच्या प्रितमकडून लिहून घेतला. आता उघडलंच आहेस तर वाच, लेका. शिव्या शेवटी एकदम दे. सात वर्षं साठवल्या आहेस, अजून चार पानांनी त्या नासत नाहीत. मरोळ ते पार्ले हे अंतर एवढंसं की रिक्षावाला जवळचं भाडं म्हणून तोंड फिरवतो, आणि तेवढ्यात आपण सात वर्षं एकमेकांचं तोंड पाहिलं नाही. हे मी मुद्दाम हाताने लिहितोय, सावकाश. माझं अक्षर तुला कधी लागलं नाही, निदान आज लागावं. प्रत्येक ण दोनदा तपासतोय.

आधी बातमी. मी सिनेमात काम करतोय. हसू नकोस! पस्तीस वर्षं विमा कंपनीच्या टेबलामागे आणि त्याहून जास्त वर्षं थिएटरच्या अंधारात बसलेला हा माणूस सत्तरीला टेकल्यावर पडद्याच्या त्या बाजूला गेलाय. सिनेमाचं नाव ‘सोसायटी शिल्लक आहे’. महाप्रलय होतो, अख्खी मुंबई संपते आणि नाहूरमधल्या एका सोसायटीची बी विंग तेवढी वाचते. तिच्यात दोन म्हातारे उरतात, एक सेक्रेटरी आणि एक चेअरमन. सेक्रेटरी रोज सकाळी फळ्यावर सूचना लावतो, ‘प्रलयामुळे लिफ्ट बंद राहील, सभासदांनी सहकार्य करावे.’ नळाला थेंब नाही, पण पाण्याची वेळ सहा ते सव्वासहा. वार्षिक सभासुद्धा भरवतो, पण तिला तो एकटाच येतो, कारण चेअरमनशी त्याचं बोलणं नाही. पार्किंगवरून. मग कोरम नाही म्हणून सभा अर्धा तास तहकूब, आणि अर्ध्या तासाने त्याच जागी हा एकटाच पुन्हा बसलेला. जगात दोन माणसं उरलीत आणि त्यांचं भांडण अजून मिटलेलं नाही. सेक्रेटरी मी आहे.

यात मी कसा घुसलो, तर तू छापलेल्या आपल्या पुस्तकामुळे. मुलुंडची एक मुलगी आहे, प्रांजल, सव्वीस वर्षांची, हा तिचा पहिलाच सिनेमा. तिला घाटकोपरच्या एका रद्दीवाल्याकडे माझं पुस्तक सापडलं. आयुष्यभर मराठी सिनेमातलं प्रेम बघून मी लिहिलेलं एकुलतं एक पुस्तक, नाव ‘पडद्यावरचा प्रणय’, आणि कव्हरवर ठसठशीत अक्षरांत छापलेलं ‘पडद्यावरचा प्रलय’. बाईंनी मागच्या पानावरचा नंबर फिरवला. म्हणाली, सर, मराठीत प्रलयाच्या सिनेमावर हे एकच पुस्तक आहे, तुम्ही आमचे प्रलय-सल्लागार व्हाल का? मी सांगायला तोंड उघडलं होतं, की अगं बाई, तो प्रणय आहे, आत नायक-नायिका झाडाभोवती फिरतात, बुडत कोणीच नाही. पण मला ‘सर’ म्हणून फोन यायचे कधीच बंद झाले होते रे. मी म्हटलं, होईन.

पहिल्या भेटीला जाताना वाटलं, पुस्तक उघडून बघितलं असेल आणि आता चहासुद्धा न पाजता हाकलेल. तर तिने ते तीनदा वाचलेलं! म्हणते, सर, कसली झकास ब्लॅक कॉमेडी आहे, प्रेमालाच प्रलय म्हणायचं आणि दोनशे बारा पानं चेहऱ्यावरची रेघ हलू द्यायची नाही! ‘विरह’ नावाच्या प्रकरणाखाली तिने पेन्सिलने इतक्या रेघा मारल्या होत्या की तेवढा अभ्यास मी बी.ए.ला केला नव्हता. मी गंभीर चेहरा करून बिस्किट बुडवत बसलो. मग तिच्या टीमने विचारलं, सर, जग संपल्यावर वाचलेला माणूस सगळ्यात आधी काय करेल? माझी वाट लागली. पण सुटका पुस्तकातच होती. ‘पहिली नजर’ या प्रकरणातलं वाक्य ठोकून दिलं, की तो आधी ओळखीचा चेहरा शोधतो आणि सापडला की मुद्दाम दुसरीकडे बघतो. टाळ्या वाजवल्या पोरांनी! अल्फान्सो, त्या दिवसापासून आजपर्यंत त्या पुस्तकातली प्रेमाची एकेक गोष्ट मी प्रलय म्हणून खपवतोय आणि एकही चुकीची निघालेली नाही.

शूटिंग नाहूरला चालू आहे, पुनर्विकासाला दिलेल्या एका जुन्या बिल्डिंगमध्ये. माणसं भाड्याच्या घरांत गेलीत, खिडक्या-दारं काढून नेलीत, पाडकाम व्हायचंय. जगबुडीचा सेट लावायला कलादिग्दर्शकाला काही करावंच लागलं नाही, उलट काही वस्तू जास्त भयानक वाटतात म्हणून काढाव्या लागल्या. एका दारावर तोरण तसंच आहे. एका भिंतीवर कोणा पोराच्या उंचीच्या रेघा आहेत, दुसरी ते दहावी. सेक्रेटरीच्या भूमिकेला नट सापडेना, तेवढ्यात कपडेपटवाल्या मुलीने मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, काका, तुम्ही आहात तसेच बसा. माझाच स्वेटर, माझीच चप्पल, मेकअप शून्य. कौतुक समजायचं की अपमान, अजून ठरत नाही.

आता त्या दिवसाबद्दल लिहितो. टाळत होतो, तुला कळलंच असेल.

प्रकाशनाच्या दिवशी पार्ल्याच्या त्या छोट्या हॉलमध्ये प्रमुख पाहुण्या प्राध्यापकांनी रंगीत कागद फाडला, कव्हर वर धरलं आणि ‘प्रलय’ वाचून सरळ मनूच्या मत्स्यावर वीस मिनिटं बोलले. पुस्तक उघडूनसुद्धा पाहिलं नव्हतं गड्याने. आज ते आठवलं की मी एकटाच हसतो. तेव्हा नाही हसलो. तेव्हा लोक हसत होते आणि मला वाटलं मला हसतायत. माझं डोकं सणकलं, मी माइक ओढला आणि म्हणालो, ‘आमच्या मुद्रकाच्या घरी देवसुद्धा इंग्रजीत बोलतो, त्याला ण कुठून सापडणार?’

बघ, लिहिलं. सात वर्षांत हे वाक्य मी कोणापुढे उच्चारलेलं नाही, स्वतःपुढेसुद्धा नाही. हॉल खदाखदा हसला. तू तिसऱ्या रांगेत होतास, लग्नातला कोट घालून, शेजारी मॉनिकावहिनी. तू उठलास, खुर्ची आवाज न करता मागे सारलीस आणि दोघं निघून गेलात. तुझी आई रोझरीची प्रार्थना मराठीत म्हणायची आणि मधेच थांबून मला गरम तळलेले फुगे वाढायची, हे मला माहीत होतं. तुझं घराणं मरोळ गावठाणात मराठी बोलत होतं तेव्हा आमचे आजोबा कोकणातून मुंबईला यायचे होते, हेही माहीत होतं. तरी बोललो, कारण पार्ल्यात त्या वाक्याला हशा मिळणार हेसुद्धा मला माहीत होतं. मध्यंतरी तुझा ग्लेनरॉय मेट्रोच्या जिन्यावर भेटला. पोरगा तोंडभर हसला, त्याच्या मनात काही नाही. बोलता बोलता म्हणाला, पप्पा आता मराठी काम घेत नाहीत, लग्नाची कार्डंसुद्धा फक्त इंग्लिशची करतात. मला जिना चढवेना. मागच्या लोकांनी शिव्या घातल्या तेव्हा बाजूला झालो.

तरीही मी फोन केला नाही. खरं सांगतो, मला वाटत होतं की बोललो ते वाईटच, पण चूक तर त्याचीच होती ना! या एका ‘ना’वर मी सात वर्षं काढली.

गेल्या शनिवारी एक शॉट होता. सेक्रेटरी मोडक्या खुर्चीत एकटा बसलाय, सभा तहकूब झालीय, तो अर्धा तास संपायची वाट बघतोय. बस, एवढंच. जमिनीवर पसरायला कागद हवे होते, तेव्हा मी फुशारकीने माझ्या घरची दोन पोती रद्दी देऊन टाकली होती. कॅमेरा चालू झाला. मी खाली बघितलं. माझ्या उजव्या चपलेपाशी एक कागद पडला होता, आपल्या पुस्तकाच्या कव्हरचं प्रूफ. त्यावर तुझं लाल पेनातलं अक्षर, मोत्याच्या दाण्यासारखं, तुला सवय आहे तशी खाली बारीक रेघ मारून. ‘नंदू, नावात प्रलय आलंय. प्रणय हवं ना? तुझ्या चिठ्ठीत ल दिसतोय. विचारल्याशिवाय अक्षराला हात लावायचा नाही असं तू बजावलं आहेस, म्हणून विचारतो.’ आणि त्याच्याखाली, निळ्या शाईत, माझ्या कोंबडीच्या पायांनी, ‘सगळं बरोबर आहे. जसंच्या तसं छाप. सारखं विचारू नकोस.’

वाचलंच नव्हतं मी तुझं. सही ठोकून तुला फोन केला असणार, छाप म्हणून, आणि कागद माझ्याकडेच राहिला. चिठ्ठी माझी, अक्षर माझं, हुकूम माझा. तू विचारलं होतंस, अल्फान्सो. आणि हॉलमध्ये नुसतं उभं राहून एवढं सांगितलं असतंस तर लोक तुला नाही, मला हसले असते. तू माझ्या प्रकाशनाच्या दिवशी माझी लाज राखलीस, आणि मी तुझी मातृभाषा काढली.

मी त्या खुर्चीत बसून कागदाकडे बघत राहिलो आणि रडलो रे, नाक गळेपर्यंत. प्रांजलने कट म्हटलंच नाही. शेवटी म्हटलं तेव्हा सगळे टाळ्या वाजवत होते, लाइटवालेसुद्धा. ती धावत येऊन म्हणाली, सर, त्या अर्ध्या तासात सेक्रेटरीच्या मनात काय चालू होतं? मी कागद तिच्या हातात दिला. सगळं सांगितलं, प्रणय, झाडं, तू, हॉल, माझं ते वाक्य. म्हटलं, मी प्रलयाचा तज्ज्ञबिज्ञ नाही, मला काढून टाक. तिने कागद दोनदा वाचला. मग म्हणाली, काढत नाही, पण तुम्ही फार वाईट वागलात. ‘सर’ म्हणायची विसरली. बरं वाटलं.

आता हे पत्र का, ते. आमचा चेअरमन होणारे कुंडलिकराव रोजच्या मालिकेत अडकले आणि काम सोडून गेले. सोमवारी बिल्डिंग पाडायला घेतायत, म्हणून शेवटचा प्रसंग येत्या रविवारीच करायचाय. सेक्रेटरी सभेला बसलाय, चेअरमन दारात येऊन उभा राहतो आणि एक वाक्य बोलतो. मी प्रांजलला म्हटलं, या कामाला जगात एकच माणूस आहे आणि तो येणार नाही. ती म्हणाली, विचारलंत का? नव्हतं विचारलं. म्हणून विचारतोय. रविवारी चर्चमधली मास आटोपली की नाहूरला येशील का? चेअरमनचं वाक्य कोरं ठेवलंय. मी लिहिलेलं नाही, तिनेही नाही. तुला जे म्हणायचंय ते म्हण, जितकं कडू असेल तितकं, कॅमेऱ्यासमोर, सगळ्यांच्या देखत, जसं मी म्हणालो होतो. फक्त मराठीत म्हण. ते प्रूफ सोबत ठेवलंय, ते तुझं आहे, मॉनिकावहिनींना आणि ग्लेनरॉयला दाखव. मला माफ कर असं लिहायला हात धजत नाही, पण दुसरं काही लिहायचंही नाही. माफ कर. आणि नाहीच आलास तर मी अर्धा तास थांबेन, सभा तहकूब करीन आणि त्याच जागी पुन्हा बसेन. एकट्याने कोरम होत नाही रे.

तुझाच,
नंदकिशोर (तुझा नंदू, अजून म्हणू देत असशील तर)

ता. क. या पत्रात चुका असतीलच. लाल पेनाने दुरुस्त करून परत पाठव. मला न विचारता.