डब्यावरचं बाळ

॥ श्री ॥

देवास, १२ मार्च १९८१

ती. ताईस सुभाषचा सा. नमस्कार. वि. वि.

पत्राला उशीर झाला, रागावू नकोस. कारखान्यातली नोकरी सुटल्यापासून कळवण्याजोगं काही नव्हतं, म्हणून गप्प होतो. आता आहे. बाळांच्या दुधाचे डबे करणाऱ्या मोठ्या कंपनीत मला प्रतिनिधी म्हणून घेतलं. आई सकाळी पिते ती चॉकलेटी पावडर आणि आपण चहात बुडवून खायचो ती बिस्किटंही याच कंपनीची. आधी खातेगावपर्यंतचा भाग दिला, आता धार जिल्हाही दिला आहे. दुकानदार 'आओ भिया' म्हणत खुर्ची पुढे करतात. अलकाला सातवा महिना आहे. घरात इतके महिने जी शांतता होती, ती आता गेली.

तू डहीच्या दवाखान्यात नर्स आहेस हे साहेबांना सांगितलं, तर ते फार खूश झाले. सोबत एक पोस्टर पाठवतो, गुटगुटीत बाळाचं. ते बाळंतिणींच्या खोलीत लाव. नमुन्याचे डबेही येतील. घरी जाणाऱ्या प्रत्येकीला एक द्यायचा, फुकट. तुझ्या भावाचं काम तेवढंच सोपं होईल.

प्रकृतीला जप. रागावलीस तरी चालेल, पण उत्तर धाडच.

तुझा,
सुभाष

॥ श्री ॥

डही, ३० मार्च १९८१

चि. सुभाष यास अ. उ. आ.

नोकरी लागल्याचं वाचून बरं वाटलं. अलकाला जड उचलू देऊ नकोस आणि तिला भाकरी-भाजी पोटभर खाऊ दे.

पोस्टर मी लावलेलं नाही. का, ते सांगते. होळीच्या आधी थावरी नावाची बाई तिच्या मुलाला घेऊन आली. तिला स्वतःला दूध भरपूर होतं. बाजारात कुणीतरी तिला असाच एक डबा फुकट दिला. तो संपेपर्यंत मूल बाटलीला लागलं आणि हिचं दूध आटलं. पुढचे डबे विकत घेणं भाग पडलं. ते पुरवून वापरायचे म्हणून ती बाटलीभर पाण्यात चमचाभर पावडर घालत होती. पाणी नाल्यात उकरलेल्या झिऱ्याचं. मूल माझ्या हातात आलं तेव्हा डोळे आत गेले होते. धारला न्यायला जीप येईपर्यंत ते राहिलं नाही. थावरीनं मला एवढंच विचारलं, की डब्यावरच्या बाळासारखं हे का नाही झालं.

हे एकच मूल असतं तर मी तुला लिहिलं नसतं.

म्हणून मागच्या रजेत धारला गेले तेव्हा मेडिकलवाल्या गणपतरावांना भेटले. ते डबे ठेवणार नाहीत म्हणाले. आईच्या भजनाच्या बायकांनी तर कंपनीचा कुठलाच माल घ्यायचा नाही असं ठरवलं, बिस्किटंसुद्धा. तेव्हा ती कंपनी तुझी आहे हे मला ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तरी मी हेच केलं असतं, हेही तुला कळलेलं बरं.

माझ्यावर माया कमी करू नकोस. तुझ्यावरची माझी तेवढीच आहे.

ताई

॥ श्री ॥

देवास, १८ एप्रिल १९८१

ती. ताईस सुभाषचा सा. नमस्कार. वि. वि.

साहेबांनी मला इंदूरला बोलावून विचारलं की धारचा माल एकाएकी का उठत नाही. माझ्या सख्ख्या बहिणीनं थांबवला, असं मी काय तोंडानं सांगणार.

तू लिहितेस ते वाचून वाईट वाटलं. पण दोष पाण्याचा आहे, पावडरीचा नाही. पाणी उकळून घ्यावं, किती चमचे घालावेत, सगळं डब्यावर छापलेलं असतं. शहरात हजारो मुलं यावर वाढतात. लोक चुकीचं वापरतात म्हणून कंपनीला वाळीत टाकायचं, तर मग चुलीवर हात भाजतो म्हणून चूलही बंद करावी लागेल.

नऊ महिने मी घरी बसून होतो. अलकानं तिच्या विकलेल्या बांगड्यांविषयी एक शब्द काढला नाही. ते दिवस तू पाहिले नाहीस. तू दवाखान्यात मुलं सांभाळतेस, मी घरातलं येणारं मूल सांभाळतो आहे, एवढाच फरक.

जास्त लिहीत नाही. लिहिलं तर तुझा मान राहणार नाही.

सुभाष

॥ श्री ॥

धार, ४ मे १९८१

चि. सुभाष यास आईचे अनेक आशीर्वाद.

तुमचं दोघांचं बिनसलं हे मला दोघांनीही कळवलं नाही, त्यावरूनच कळलं. मी अलकाच्या बाळंतपणाला येते आहे, शेजारचे मोरोपंत गाडीत बसवून देतील.

माझं सकाळचं पेय मी सोडलं. तुझ्या ताईनं, सुमंगलानं, मला सोड म्हटलेलं नाही. उलट, तुझ्या वयाला राहू दे आई, असंच तिनं सांगितलं. पण ज्या घरचा माल नको असं चार बायकांत मीच म्हणाले, त्याच घरचा पेला मी दार लावून कसा प्यावा. पहिले काही दिवस डोकं दुखलं. आता दूध-हळद घेते, चवीचं विचारू नकोस.

तुझी नोकरी जावी असं मी देवाजवळ मागत नाही. सुमंगला खोटं बोलते असंही मला म्हणवत नाही. मी दोघांची आई आहे, मला यातून सोडव.

येताना लोणचं आणते. तुझ्या मनातला राग मी पायरी चढण्याआधी उतरलेला असावा.

तुझी आई

॥ श्री ॥

देवास, ९ जुलै १९८१

ती. वन्संना अलकाचा शि. सा. नमस्कार.

माझी पढाई सगळी हिंदीत झाली, म्हणून मराठी चुकली तर हसू नका. बाळी छान आहे. नाक तुमच्यासारखं आहे असं आई म्हणतात. बारशाला तुम्हाला छुट्टी मिळाली नाही, याचं मला फार दुःख झालं.

एक गोष्ट यांना न विचारता लिहिते. पहिले तीन दिवस मला दूध नीट येत नव्हतं आणि बाळी रात्रंदिवस रडायची. कंपनीनं भेट दिलेले डबे समोरच अलमारीत होते. शेजारीण म्हणाली, घरचाच तर माल आहे, देऊन टाक. मी यांना विचारलं. यांनी उठून डबे काढले आणि खाटेखाली मागे सरकवून दिले. मग म्हणाले की अजून थोडा धीर धर, पुन्हा पुन्हा पाजत राहा. आई माझ्याजवळ बसून राहिल्या. चौथ्या दिवशी दूध आलं.

आमच्या घरात तो डबा उघडला नाही, वन्सं. आणि रोज सकाळी हे बॅगेत तेच डबे भरून निघतात. संध्याकाळी आले की जेवताना बोलत नाहीत. मी विचारलं तर म्हणतात, थकलो. मला कळतं की ते थकणं वेगळं आहे.

तुम्ही मोठ्या आहात. यांना एकदम तोडू नका, एवढीच विनती.

तुमची,
अलका

॥ श्री ॥

डही, १६ ऑगस्ट १९८१

चि. सुभाष यास अ. उ. आ.

हे पत्र जीपच्या ड्रायव्हरजवळ देते आहे, तो धारहून देवासच्या गाडीत देईल.

परवा एक बाई बाळंत होताच वारली. मुलगी जिवंत आहे. आजी तिला फडक्यात गुंडाळून माझ्याकडे घेऊन आली. पाड्यात अंगावर पाजणारी दुसरी बाई नाही. बकरीचं दूध पाणी घालून दिलं, ते उलटतं. इथे दुकानात मागे राहिलेला एकच डबा मिळाला. तो आठवडाभर जाईल. त्यानंतर इथे काही नाही. कुक्षीला विचारलं, तिथले संपले आहेत. धारलाही गणपतरावांकडे नाही, कारण मीच नको म्हटलं होतं.

दुकानाच्या दारात उभी राहून तो डबा मागताना मला काय वाटलं ते लिहीत नाही.

मला डबे हवे आहेत. तू पाठवशील का. मी जे केलं ते चुकलं असं मला आजही वाटत नाही, आणि तरी तुझ्याचकडे मागते आहे. तुला हसायचं असेल तर हास, पण आधी डबे पाठव.

ताई

॥ श्री ॥

डही, २३ ऑगस्ट १९८१

प्रिय अलकास,

काल पोचलो. कुक्षीच्या पुढे बस चिखलात रुतली, तेव्हा शेवटचा रस्ता बैलगाडीनं आलो. डबे शाबूत आहेत. खाटेखालचेही घेऊन आलो.

ताई दारात आली, पिशवी घेतली आणि आत गेली. आमचं बोलणं त्यानंतर तासाभरानं झालं. पोरगी केवढीशी आहे. आपली बाळी तिच्यापुढे पैलवान वाटेल. ताई बाटली वापरत नाही. वाटी आणि चमचा उकळते, पाणी उकळून निववते, चमचा सपाट करून पावडर मोजते. तिनं आजीलाही शिकवलं. एवढ्या पाण्यापुरत्या लाकडांसाठी आजी पावसात कुठवर जाते ते मी पाहिलं, कारण आज मी तिच्याबरोबर गेलो होतो. दिवसातून इतक्या वेळा हे सगळं करायचं. डब्यावर ते एका ओळीत छापलेलं आहे.

दुपारी हाटात गेलो. एक बाई आमचाच डबा घेऊन बसली होती. कडेवर मूल. मी विचारलं, किती चमचे घालतेस. तिनं बाटली दाखवली. नुसतं पांढुरकं पाणी. तुझं दूध नाही का, असं विचारलं तर लाजून म्हणाली की आहे, पण शहरातल्या बायका हेच देतात ना. डबा कुठून आणलास म्हटलं, तर तिनं कुक्षीचं दुकान सांगितलं. त्या दुकानात तो डबा मी ठेवला आहे, अलका. मीच दुकानदाराला सांगितलं होतं की हाटाच्या दिवशी पुढे मांड.

मी तिला ताईकडे घेऊन आलो. ताईनं तिला बसवलं आणि मुलाला पुन्हा अंगावर घ्यायला लावलं. मी बाहेर ओट्यावर बसलो. मला आत बोलवलं नाही आणि मी गेलोही नाही.

मला वाटतं आपले ते नोकरी नसलेले शांत महिने पुन्हा येणार. तू काय म्हणशील याची मला भीती नाही, तू काही म्हणणार नाहीस याची आहे. म्हणून या वेळी काहीतरी म्हण.

बाळीला माझा पापा.

सुभाष

॥ श्री ॥

डही, ७ फेब्रुवारी १९८२

चि. सौ. अलका व चि. सुभाष यांस अ. उ. आ.

अलका, तुझं पत्र वाचलं. राजीनाम्याच्या कागदाचा मसुदा तूच हिंदीत लिहून दिलास, हे वाचून मला हसू आलं आणि पुढची ओळ दिसेना. औषधांच्या गोदामातलं नवं काम कष्टाचं आहे, पण सुभाष जेवताना पुन्हा बडबड करू लागला हे तू लिहिलंस, त्यात मला सगळं मिळालं.

इकडची मुलगी बसायला लागली. आता तिला मऊ भात आणि वरण देतो. आजीनं तिचं नाव अजून ठेवलेलं नाही, दिवाळीनंतर ठेवू म्हणाली होती, आता होळीनंतर म्हणते. जगेल याची खात्री झाल्याशिवाय ती नाव ठेवणार नाही, असं मला वाटतं. हाटातल्या त्या बाईचं मूल पुन्हा अंगावर प्यायला लागलं. सगळ्यांचं तसं होत नाही. मागच्या महिन्यात एक मूल माझ्याकडे फार उशिरा आलं.

गणपतराव आता थोडे डबे ठेवतात, पण समोर मांडत नाहीत. आई नसलेल्या मुलासाठी डॉक्टरांची चिठ्ठी आणली, तरच देतात. भजनाच्या बायका बिस्किटं अजून घेत नाहीत. कंपनीचं यानं काही अडलं असेल असं वाटत नाही.

काल सुभाषच्या जागेवरचा नवा प्रतिनिधी आला. तरुण आहे, कपडे इस्त्रीचे, बोलणं अदबीचं. त्याच्याजवळ नवं पोस्टर होतं. मी घेतलं नाही. त्याला पाणी दिलं आणि घरी कोण कोण असतं ते विचारलं. वडील नाहीत म्हणाला, एक बहीण आहे, खातेगावला दिलेली, तिला सातवा महिना आहे. मुलांचं वजन करायची वेळ झाली होती. बायका ओळीनं बसल्या होत्या. बस संध्याकाळशिवाय नाही असं सांगून मी त्याला वजनाच्या काट्याजवळ, मुलं समोर दिसतील अशा बाकावर बसवलं आणि कामाला लागले.

बाळीला थंडीत तेल लावत जा. मला विसरू नका, आणि रागवायचं असेल तेव्हाही पत्र लिहूनच रागवा.

तुमची,
ताई