अकरा ठिपके

॥ श्री ॥
अल्मोडा, ता. २० मार्च १९५८

ती. अक्कास शशिकांतचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

इकडे मी ठीक. आईच्या गुडघ्यांचं कळव. पत्राला उशीर झाला म्हणून रागावू नकोस. खेचरांच्या ठेक्यावर लागल्यापासून बोटांना लगामाची सवय झाली, टाक धरवत नाही.

आता कामाचं. इथे झाडाफुलांचे एक प्रोफेसर आलेत. उन्हाळ्यात चाळीस दिवस ते वर बुग्यालात जाणार. बुग्याल म्हणजे झाडं संपतात त्याच्याही वरचं गवताळ रान. बाजूला बर्फ, माणसाची वस्ती नाही. त्यांचा फोटो काढणारा माणूस आजारी पडला, तर ते आमच्या ठेकेदाराच्या ओट्यावर डोकं धरून बसले होते. माझ्या तोंडून निघून गेलं की मी झाशीच्या स्टुडिओतला आहे. अक्का, हे बिलकुल खोटं नाही. स्टुडिओत तू आहेस आणि मी तुझा भाऊ. शिवाय तिथेच, केशवरावांच्या स्टुडिओत मी दोन महिने पडदे ओढलेच होते.

प्रोफेसर म्हणाले, एप्रिलअखेर बारा फुलांचे फोटो दाखव, मग नेतो. काम पसंत पडलं तर पुढेही ठेवतील. नाहीतर आहेतच खेचरं. चार नोकऱ्या मी सोडल्या हे तू मोजून ठेवलं असशील. ही मला सोडायची नाही, आधी मिळायची आहे.

तर केशवरावांकडून दोन डोळ्यांचा तो मोठा कॅमेरा माग, वरून बघायचा. गळ्यात घातला की माणूस कुणीतरी वाटतो. आणि फिल्म रंगीतच पाठव. इथे डोंगर लाल फुलांनी पेटलेत, त्यांना काळं-पांढरं करणं बरं दिसत नाही.

आईला नमस्कार. तुझा लोभ आहे तेवढा राहू दे, या पत्राने घटू देऊ नकोस.
शशी

॥ श्री ॥
झाशी, ता. २८ मार्च १९५८

चि. शशीस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. आईला वाचून दाखवलं. तिने एवढंच विचारलं की वस्ती नाही तर पोळ्या कोण करणार.

तू स्टुडिओतला झालास हे बरं झालं. मी नऊ वर्षं त्याच स्टुडिओच्या मागच्या खिडकीत बसून नेगेटिव्हवर बारीक पेन्सिल फिरवते आहे, लग्नाच्या मुलींचे वण, तीळ, डाग घालवते आहे, तरी मला कुणी फोटोग्राफर म्हणत नाही. तू दोन महिने पडदे ओढलेस आणि झालास. केशवराव ऐकून इतके हसले की त्यांचा तपकिरीचा हात हलला आणि गिऱ्हाईक शिंकायला लागलं.

दोन डोळ्यांचा मिळणार नाही, आणि मिळाला तरी तुला देणार नाही. त्यात डावं-उजवं उलटं दिसतं. तू फूल मधे घ्यायला उजवीकडे सरकशील आणि दरीत जाशील. घडीचा कॅमेरा पाठवते. कोटाच्या खिशात मावतो. त्याच्याबरोबर जवळून काढायचं भिंग आहे, ते लेन्सवर चढवायचं. रंगीत फिल्म धुवायला परदेशी पाठवावी लागते. एप्रिलअखेर म्हणालास ना? मग विसर.

फिल्म मी दोन तऱ्हांची निवडली आहे. मंद फिल्म जास्त घेतल्या आहेत. तिला ऊन भरपूर लागतं, पण पानावरची लवसुद्धा दाखवते. चपळ फिल्म दोनच, ढगाळ दिवसासाठी. ती लवकर टिपते पण चित्र रवाळ येतं, रव्याच्या लाडवासारखं. मंदला हात हलून चालत नाही, म्हणून तिपाई पाठवते आहे. फिल्म डब्यात कोरड्या तांदळात ठेव. ते तांदूळ शिजवू नकोस.

आकड्यांची भीती धरू नकोस. झाशीच्या दुपारसारखं ऊन असेल तर सोळावर काटा, पातळ ढग आला तर आठ, झाडाखाली चार. भिंग चढवलं की अंतर चुकायला नको, म्हणून आईने सुतळीला गाठी मारून दिल्या आहेत. पहिली गाठ कॅमेऱ्याला, दुसरी फुलाला. घाई करू नकोस असं लिहिणार होते, पण तू घाईतच वाचत असशील.

रोल इकडेच पाठव, मी स्वतः धुवीन.
माया आहेच, ती लिहून वाढत नाही.
तुझी अक्का

॥ श्री ॥
अल्मोडा, ता. १६ एप्रिल १९५८

ती. अक्कास शि. सा. नमस्कार.

रोल सोबत आहे. खेचरं घेऊन कपकोटच्याही वरच्या धारेपर्यंत, म्हणजे डोंगराच्या कण्यापर्यंत गेलो होतो, वाटेत बारा फुलं झाली. म्हणजे तेरावं खेचराने खाल्लं. मंद फिल्मच वापरली. आईची सुतळी सगळीकडे लावली, एक बाई विचारत होती की भैया, फुलाची कुर्ती शिवताय का.

दहावं फूल मला सगळ्यात आवडलं. बर्फ नुकताच सरकला होता तिथे एकटंच होतं. वारा थांबेपर्यंत पोटावर पडून राहिलो, चाळीस मिनिटं तरी. मी चाळीस मिनिटं एका जागी, आईला सांग, विश्वास बसणार नाही. ते कसं आहे हे मात्र लिहीत नाही. तूच बघ.

धुवून फौरन पाठव. लोभाची उधळण नको, प्रिंट चांगले काढ.
शशी

॥ श्री ॥
झाशी, ता. २४ एप्रिल १९५८

चि. शशीस अनेक आशीर्वाद.

प्रिंट सोबत आहेत. शशी, मला वाटलं होतं चार-पाच तरी वाया जातील. एकही गेला नाही. केशवरावांनी भिंग लावून पाहिलं आणि म्हणाले, पोराने पडदे ओढता ओढता काहीतरी पाहिलं म्हणायचं. आईने सगळे प्रिंट चटईवर मांडले आणि सुतळी कुठे दिसते ते शोधत बसली.

तिची तब्येत बरी. इंदूमावशी मऊरानीपुरहून आली आहे, तुझ्या लग्नाचं बोलते. मी तिला सांगितलं, त्याला आधी एका जागी बसू दे.

पान उलट.

तुझं दहावं खरंच देखणं आहे. फक्त पाकळ्यांवर काळे ठिपके आले होते. तुझ्या कॅमेऱ्यात धूळ गेली असणार, झाकण नीट लावत जा. मी पेन्सिलीने एकेक भरून काढले. आता फूल कसं नवरीसारखं स्वच्छ दिसतंय. प्रोफेसरांना ते वर ठेवून दाखव.

माया आहे तशीच.
अक्का

॥ श्री ॥
अल्मोडा, ता. १ मे १९५८

ती. अक्कास शि. सा. नमस्कार.

मी तुझं पत्र पुरतं वाचलं नाही. लखोट्यातून प्रिंट काढले आणि धावलो. पान उलटायचं राहिलं.

प्रोफेसरांनी नऊ बघितले, मान हलवली. दहाव्याशी आले आणि उठून उभे राहिले. म्हणाले, हे फूल नेहमी ठिपक्यांचं असतं, बिनठिपक्याचं या भागात कुणी पाहिलेलं नाही. मला विचारलं, अगदी असंच होतं? अक्का, मी ते फूल चाळीस मिनिटं पाहिलं होतं. ठिपके होते. मला वाटलं काळ्या-पांढऱ्या फिल्मला ते दिसत नसतील. आणि मी म्हणालो, हो जी, अगदी असंच.

त्यांनी मला तिथल्या तिथे नेमलं. ठेकेदाराकडून सोडवून घेतलं. आता वाट बदलून आधी कपकोटच्या वरच्या त्या धारेवर जायचं ठरतंय, बिनठिपक्याचं फूल शोधायला. पंधरा तारखेला निघायचं. माणसं ठरली, खेचरं ठरली. खोली गाठल्यावर मी पान उलटलं.

तुला दोष देत नाही. तू तुझं काम केलंस. पण आता काय करू ते लिही. गप्प राहिलो तर जातो. सांगितलं तर खेचरं.
शशी

॥ श्री ॥
झाशी, ता. ६ मे १९५८

चि. शशीस आशीर्वाद.

पत्र मिळालं त्याच दुपारी स्टुडिओत गेले. नेगेटिव्ह काढलं, कापसावर टर्पेंटाइन घेतलं आणि पुसलं. पेन्सिल निघून गेली. खाली तुझे ठिपके होते तसे होते. अकरा आहेत, मी मोजले. नऊ वर्षांत मी पहिल्यांदा एखादा डाग परत आणला.

धूळ कधी इतकी गोल नसते. मला कळायला हवं होतं. पण मी चेहरे पाहते, शशी. चेहऱ्यावर ठिपका दिसला की हात आपोआप जातो.

नवा प्रिंट सोबत आहे. तो प्रोफेसरांच्या हातात दे. माझं नाव सांग, स्टुडिओचं सांग, केशवरावांनी हो म्हटलं आहे. प्रोफेसर काय म्हणतील मला माहीत नाही. तुझं जाणं माझ्या पेन्सिलीपायी हुकलं तर मी स्वतःला काय सांगू तेही माहीत नाही. तरी दे.

आईला अजून सांगितलेलं नाही.
तुझी अक्का

॥ श्री ॥
अल्मोडा, ता. १३ मे १९५८

ती. अक्कास शि. सा. नमस्कार.

प्रिंट दिला. तुझं नाव घेतलं नाही. डाग तू काढलेस, पण हो जी मी म्हणालो होतो. तेवढंच सांगितलं.

प्रोफेसर ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. दोन्ही प्रिंट शेजारी ठेवून एकेक ठिपका भिंगातून पाहिला. मग म्हणाले, तुझे फोटो चांगले आहेत, पण तुझ्या ‘हो जी’चं काय करू. दुसऱ्या दिवशी कळलं, नैनीतालहून एक फोटोग्राफर येतोय. मला विचारलं, त्याची तिपाई आणि फिल्मचा डबा वाहशील का.

मी वळकटी बांधली, अक्का. मोटारअड्ड्यापर्यंत गेलो. मागच्या चार वेळा असाच गेलो होतो. मग मनात आलं, गाडीत बसलो तर अक्काला पत्रात काय लिहू. परत आलो आणि हो म्हणालो. यावेळचं हो खरं होतं.

नैनीतालचा माणूस सगळी चपळ फिल्म घेऊन आलाय. मी म्हटलं, साहेबजी, लव दिसणार नाही, रव्याचा लाडू होईल. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू खेचरच बोललं. आपला घडीचा कॅमेरा माझ्या कोटात आहे. उरलेल्या मंद फिल्म तांदळात आहेत.

परवा निघतो. आईला खरं ते सांग. लोभ असेल तो सगळा आत्ता पाठव, वर टपाल नाही.
शशी

॥ श्री ॥
बुग्याल, ता. १२ जून १९५८

ती. अक्कास शि. सा. नमस्कार.

एक धनगर खाली चाललाय, त्याच्याबरोबर हे पत्र आणि एक रोल देतो.

मी बरा आहे. नाकाची साल गेली, पोळ्या मीच करतो, त्या गोल येत नाहीत. फोटोग्राफरने परवा आपणहून तांदळातली एक फिल्म मागितली. मी दिली. जीभ चावून ठेवली.

प्रोफेसरांनी मला एक वही दिली आहे. तुझं ते फूल इथे आता फुलतंय, बर्फ जसा वर सरकतो तसं तेही वर चढतं. प्रत्येक फुलाचे ठिपके मोजायचे आणि वहीत लिहायचे, असं काम आहे. सातापासून चौदापर्यंत निघतात. ते म्हणाले, मोजणारा माणूस मला पुढच्या वर्षीही लागेल, पण आकडे खरे हवेत. मी हो जी म्हणालो नाही. वही पुढे केली. त्यांनी पाच फुलं स्वतः मोजून पाहिली आणि परत दिली.

दोनशे सहा फुलं झाली. सगळी ठिपक्यांची. काम दिवसाला दहाचं, पण ते संपलं की मी आणखी थोडा वर जातो आणि पोटावर पडून बघतो. प्रोफेसर काल विचारत होते, शशिकांत, काही हरवलंय का. मी म्हटलं, नाही जी.

एखादं तरी बिनठिपक्याचं असेल, अक्का. एकच पुरे, म्हणजे तुझी पेन्सिल खोटी ठरायची नाही. अजून बारा दिवस आहेत.

आईला नमस्कार. लोभ आहे, मोजला नाही.
शशी