सामन्याआधीची सही

सर, तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली आणि तुमच्यावर रागावायची माझी ही पहिलीच वेळ आहे. तुम्ही होतात तेव्हा धाडस नव्हतं, गेल्यावर कारण नव्हतं. आता कारण मिळालंय. गेल्या शनिवारी सकाळी मिळालं, राजारामपुरीतल्या त्या शाळेच्या ऑफिसात, जिथं तुमच्या नावाची आंतरशालेय कबड्डी स्पर्धा दर वर्षी भरते. चषकावर तुमचं नाव असतं, मैदानाच्या कमानीवर तुमचा फोटो असतो, टोपी जराशी तिरकी असलेला तो. त्या फोटोखालून मी आत गेलो तेव्हा माझी मान ताठ होती.

पहिल्यापासून लिहितो, म्हणजे माझंच मला नीट उमगेल. मंगळवार पेठेतल्या शाळेत तुम्ही आम्हाला पी.टी.ला होतात. मी खेळाडू म्हणून यथातथाच. चढाईला गेलो की बहुतेक वेळा समोरच्यांच्या गठ्ठ्याखालीच सापडायचो. एकदा तुम्ही मला हाताला धरून मैदानाबाहेर काढलंत आणि म्हणालात, "तुझं पाय जड हायत, पर नजर चांगली हाय. तू पंच हो." माझ्यात काही चांगलं आहे असं मला सांगणारे तुम्ही पहिलेच. आमच्या घरात तसं बोलायची रीत नव्हती. तेवढ्या एका वाक्यावर मी तीस वर्षं उन्हात उभा राहिलो, रेषेवरून घसरलेले पाय बघत.

राजारामपुरीतली ही स्पर्धा तेव्हा तुम्हीच भरवायचात, आणि तुमची एक पद्धत होती. स्पर्धेच्या दिवशी पहिला सामना लागायच्या आधी तुम्ही सगळ्या पंचांना टेबलाशी बोलवायचात. टेबलावर व्हाउचरचा गठ्ठा असायचा, रेव्हेन्यू स्टँप आधीच चिकटवलेला. "पंचाचे मानधन रोख मिळाले" असं छापलेलं आणि रकमेची जागा कोरी. आम्ही रांगेनं सह्या करायचो. एखादा नवखा पंच घुटमळला की तुम्ही म्हणायचात, "आत्ताच करून टाका. सांच्याला हरल्यालं भांडाय येत्यात आन जिकल्यालं नाचाय येत्यात. तवा पेन कुणाला घावतंय?" खोटं नव्हतं ते. संध्याकाळी निकालावरून हमखास बोंबाबोंब व्हायची आणि निम्मे पंच शेवटची एसटी गाठायला पळायचे. कोऱ्या रकमेचं विचारलं तर तुमचं उत्तर ठरलेलं, की कागद ऑडिटला लागतो, पैसे काही कुठली शाळा देत नाही. मग संध्याकाळी प्रत्येकाला एक नारळ, एक टॉवेल आणि एक टोपी. आमच्या घरात एवढे टॉवेल साठले, की बायको म्हणायची, "आवं, दुकान टाकूया का? निदान टॉवेल तरी खपतील." ती हसून म्हणायची, पण मी नोकरीला होतो त्या पतसंस्थेत माझ्या रजा बिनपगारी लागायच्या ते तिला पक्कं ठाऊक होतं.

स्पर्धा संपली की आम्ही सगळे तुमच्या घरी जेवायला. तुमच्या स्वयंपाकघरात दोन पंगती व्हायच्या. काकू चुलीशी, आणि तुम्ही स्वतः वाकून पांढरा रस्सा वाढताय. एवढा मोठा माणूस आपल्या ताटात वाढतो याचंच आम्हाला अप्रूप. माझं तिसरं वर्ष असेल, आईच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं होतं आणि हातात काही नव्हतं. तुम्ही माझ्या ताटाशी आलात तेव्हा मी हळूच विचारलं, "सर, मानधनाचं कधी काही होईल का?" तुमचा हात थांबला. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तुम्ही म्हणालात, "शिट्टी इकायची आसंल तर बँडात जा की. चार पैसं मिळत्याल." पंगत खो-खो हसली. मीही हसलो. काकू तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांनी न विचारताच माझ्या ताटात आणखी एक भाकरी टाकली. त्या भाकरीचा अर्थ मला तेव्हा कळला नाही. आता वाटतं, त्यांना ठाऊक होतं.

आठ दिवसांनी तुम्ही मला शाळेत बोलावलंत आणि कागदात गुंडाळलेले पांढरे कॅनव्हासचे बूट हातात ठेवलेत. "बक्षीस हाय. पंचाचं पाय पांढरं पायजेत," म्हणालात. मी तिथंच रडलो. बूट बरोबर मापाचे होते. माझं माप तुम्ही कधी बघितलंत याचाच मी कित्येक दिवस विचार करत होतो. ते फाटल्यावरही मी टाकून दिले नाहीत, आजही माळ्यावर आहेत. आणि मानधनाचा शब्द पुन्हा तोंडातून काढला नाही. उलट बँडाचा तो किस्सा मी नव्या पंचांना सांगत आलो, निष्ठा म्हणजे काय ते कळावं म्हणून. तुमच्या शोकसभेतही सांगितला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, शोकसभेत टाळ्या वाजवत नाहीत हे विसरून.

तुमच्या मागं मी सरपंच झालो, म्हणजे मैदानावर शेवटचा शब्द माझा. पद्धत तुमचीच ठेवली. सकाळी सह्या, संध्याकाळी नारळ. यंदा मात्र एकीनं प्रश्न विचारला. माझीच विद्यार्थिनी, माझ्या हाताखाली पंच झालेली, गडमुडशिंगीची. दोन पोरं सासूकडं सोपवून दोन बस बदलून येते, आणि तिच्यासारखी नजर आज जिल्ह्यात कुणाची नाही. ती पलीकडच्या जिल्ह्यात पंच म्हणून गेली होती. तिथं रक्कम लिहिलेलं व्हाउचर आणि पाकीट बरोबरच हातात दिलं. परत येऊन ती मला म्हणाली, "सर, कागूद ह्योच हाय. तिकडं पैसं मिळत्यात आन हितं न्हाईत. मग आपण सही करतोय ती कशाची?" बाकीच्या पंचांत चर्चा झाली आणि सगळ्यांनी ठरवलं, की यंदा कोऱ्या कागदावर सही नाही. आधी रक्कम लिहा, संध्याकाळी पैसे द्या आणि मागच्या वर्षांचंही सांगा. नाहीतर शिट्टी वाजणार नाही. बोलायला मला पुढं केलं. मला बरं वाटलं होतं, सर. इतक्या वर्षांनी का होईना, आईच्या डोळ्याचं कुणीतरी विचारतंय असं वाटलं.

शनिवारी सामन्यांआधी मुख्याध्यापकांनी मला एकट्यालाच आत घेतलं. चहा मागवला. माझं सगळं ऐकून घेतलं आणि मग कपाटातून एक जुनी फाइल काढून माझ्यासमोर ठेवली. "बघा निवांत," म्हणाले. दोऱ्यात ओवलेली व्हाउचरं होती. त्यावर माझी सही, तरुणपणची, शेपूट लांब असलेली. आणि रकमेची जागा भरलेली. दर वर्षी, प्रत्येक पंचाच्या नावापुढं. अक्षर तुमचं, सर. तुमचं अक्षर मी कुठंही ओळखीन, तुमच्याच हाताखाली सामन्यांची गुणपत्रकं लिहायला शिकलो. गठ्ठ्याच्या शेवटी दर वर्षी एक कागद होता, "सर्व पंचांची रक्कम एकत्र मिळाली, वाटप करतो", खाली तुमची सही. मी ते वर्ष शोधलं. ऑपरेशनचं, भाकरीचं, बुटांचं. माझ्या नावापुढं जी रक्कम होती तिच्यात तसले चार जोड आले असते. तुमच्या घरची पंगत आमच्याच पैशांची होती. बूट माझ्याच पैशांचे होते. ते छातीशी धरून मी तुमच्यासमोर रडलो, आणि तुम्ही माझ्या पाठीवरून हात फिरवलात.

"सर गेल्यानंतर काय झालं?" मी विचारलं. मुख्याध्यापक सरळ म्हणाले, "गेल्यावर कोण मागाय आलंच न्हाय. तुमी सह्या करून देत हुता. शाळंला खर्च काय कमी आस्त्यात व्हय?" अकरा वर्षं त्यांनी खाल्लं होतं आणि चोरी पकडल्याची खूण त्यांच्या चेहऱ्यावर नव्हती. असणार कशी, फाइल त्यांच्या हातात होती. ते पुढं म्हणाले, "मागचं उकरायचं तर पयल्या पानापासनं उकरूया. भाएर माइकवर वाचून दावतो. कमानीवर कुणाचा फोटू हाय? न्हायतर सामने चालू करा. तुमी ठरवा."

मी काय ठरवलं ते तुम्हाला कळायला हवं.

त्या खुर्चीत बसून मी तुमच्यासाठी कारणं शोधत होतो. कुणाचं आजारपण असेल, कर्ज असेल, मुलीचं लग्न असेल. मग तुमच्या घरावर चढलेली माडी आठवली. तिच्या विटा आम्हीच रविवारी येऊन वर नेल्या होत्या, हसत, एकमेकांना चिडवत. मागितले असतेत तर आम्ही दिले असते, सर. आमच्यातला एकही नाही म्हणाला नसता. हेच जास्त लागलंय. तुम्ही आमच्याकडून घेतलंत ते घेतलंतच, वर मागणाऱ्याला भिकारी ठरवलंत. याला चोरी म्हणतात. लिहिताना हात थांबला, पण लिहिलं.

बाहेर आठही पंच जांभळाच्या झाडाखाली माझी वाट बघत उभे होते. त्यांना सांगायचं होतं, की फाइल वाचू दे माइकवर, फोटो उतरवू दे, आपलं आपल्याला मिळू दे. तोंड उघडलं आणि निघालं ते भलतंच. "आधी सामने होऊ देत. पोरं लांबून आलीत. सह्या करा, मग बघू." ती तेवढी पुढं आली. "सर, आत त्येंनी काय दावलं तुमास्नी?" तिची ती नजर, रेषेवर अर्धा इंच पाय पडला तरी पकडणारी, माझ्या तोंडावर होती. तिथून मला सुटायचं होतं. आणि मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "शिट्टी इकायची आसंल तर बँडात जा की."

सगळे हसले. तुमच्या पंगतीत हसले होते तसेच.

ती हसली नाही. म्हणाली, "तुमी म्हंताय म्हंजे काय तरी आसंलच, सर." टेबलाशी गेली आणि कोऱ्या व्हाउचरवर पहिली सही तिनंच केली. दिवसभर तिनं एकही निर्णय चुकवला नाही. संध्याकाळी नारळ आणि टॉवेल पिशवीत घातला, बसची वेळ झाली म्हणून घाईत होती, तरी वळून आली आणि माझ्या पाया पडली. "येतो, सर," म्हणाली.

हे पत्र टाकलं तर मंगळवार पेठेत काकूंच्या हातात पडेल. त्या आता थकल्यात, आणि त्यांना यातलं नवीन काही वाचायला मिळणारही नाही. म्हणून टाकणार नाही. तुमच्याकडून उत्तर नकोच आहे. बुटांचं मात्र एक विचारायचं होतं, की ते तुम्ही मला का दिलेत. गेले चार दिवस तेवढंच डोक्यात होतं. काल त्याचंही उत्तर मिळालं.

काल मी राजारामपुरीत बुटांच्या दुकानात गेलो, सर. तिचं माप मला बरोबर माहीत होतं. तीस वर्षं मी पायच बघत आलोय. दुकानदारानं पांढरा जोड खोक्यात घालता घालता सहज विचारलं, "कुणासाठी घेताय?" मी म्हणालो, विद्यार्थिनीसाठी. बक्षीस आहे.